पस्तीस दिवसांचे राष्ट्रपती आणि निक्सनची मेजवानी

३१ जुलै १९६९ च्या रात्री राष्ट्रपती भवनात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यासाठी शाही खाना होता. एका टेबलावर दोन राष्ट्रप्रमुख बसले होते आणि कागदोपत्री दोघेही आपापल्या देशाच्या सैन्याचे सर्वोच्च सेनापती. पाहुण्यांच्या हुकमावरून मार्च महिन्यापासून कंबोडियावर बॉम्ब पडत होते आणि ही गोष्ट अमेरिकी काँग्रेसपासूनही लपवलेली होती. यजमानांची गोष्ट वेगळी. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत ते राष्ट्रपती नव्हते आणि महिनाभरानंतर ते राष्ट्रपती राहणारही नव्हते. त्यांची मूळ नोकरी सरन्यायाधीशाची आणि मूळ गाव म्हणाल तर, जन्म लखनौचा असला तरी, घडण आमच्या नागपूरची. नाव मोहम्मद हिदायतुल्ला.

निक्सन त्या वेळी जगाच्या फेरीवर निघाले होते. अपोलो ११ चे अंतराळवीर २४ जुलैला प्रशांत महासागरात उतरले, त्यांचं स्वागत करून साहेब पुढे आले. या फेरीत त्यांना भेटलेल्या काही मंडळींची यादी पाहिली की राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला वेगळा तक्ता काढायची गरज उरत नाही. मनिलात मार्कोस : अमेरिकी नमुन्यावर निवडून आलेले, पण तीनच वर्षांत मार्शल लॉ पुकारून बसलेले. जकार्तात सुहार्तो : लष्करातून आलेले. सायगावात थिऊ : तेही जनरल, अमेरिकेच्या टेकूवर उभे. दिल्लीहून पुढे लाहोरला याह्या खान, ज्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये सत्ता हाती घेऊन स्वतःच स्वतःला राष्ट्राध्यक्ष केलं होतं. त्यानंतर रुमानियात चाउशेस्कू, म्हणजे राज्य परिषदेचे अध्यक्षही तेच आणि पक्षाचे सरचिटणीसही तेच. या सगळ्या गर्दीत दिल्लीचे यजमान एकटेच असे होते, ज्यांना सत्ता नको होती आणि घटनेनेही ती त्यांना दिलेली नव्हती.

नागपूरच्या वकिलांत हिदायतुल्लांचा विषय निघाला की पहिली आठवण मॉरिस कॉलेजची असते. आज त्या संस्थेचं नाव वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे, पण ऑटोवाल्याला मॉरिस कॉलेज म्हटलं तरच कळतं. तिथून १९२६ ला बी.ए., मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, लिंकन्स इनची बॅरिस्टरी आणि १९३० ला परत येऊन नागपुरात वकिली. तेव्हा इथे हायकोर्टही नव्हतं, ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. हायकोर्ट आलं १९३६ मध्ये. तरुण बॅरिस्टर नागपूर म्युनिसिपल कमिटीवर होते, पुढे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवर होते, लॉ कॉलेजात शिकवत होते. १९४३ ला मध्यप्रांत-वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल, १९४६ ला न्यायमूर्ती, १९५४ ला नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, नागपूरचं स्वतंत्र हायकोर्टही गेलं आणि आमचे मुख्य न्यायमूर्ती जबलपूरला मध्य प्रदेशाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेले. दोन वर्षांनी सुप्रीम कोर्ट, फेब्रुवारी १९६८ मध्ये सरन्यायाधीशपद.

आता सरन्यायाधीश राष्ट्रपती झाला कसा, हा खरा किस्सा.

३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असताना वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. इथपर्यंत सगळं घटनेत लिहिल्याप्रमाणे. पण गिरींना राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती आणि त्यासाठी ते दोन्ही पदं सोडणार हे दिसू लागलं. मग खुर्चीत बसायचं कोणी? घटनेत पुढचं नावच नव्हतं, फक्त संसदेने तशी सोय करावी अशी तरतूद होती. ती सोय एकोणीस वर्षं कोणी केलीच नव्हती. मे महिन्यात घाईघाईने कायदा झाला : राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती दोघंही नसतील तर सरन्यायाधीश कामकाज पाहतील.

कायदा झाला तरी गाठी सुटल्या नाहीत. उपराष्ट्रपतीने राजीनामा राष्ट्रपतीच्या नावे द्यायचा असतो. इथे त्या खुर्चीत उपराष्ट्रपतीच बसलेले. दुसरी गाठ शपथेची. राष्ट्रपतीला शपथ देतात सरन्यायाधीश. सरन्यायाधीशालाच राष्ट्रपतीच्या जागी बसायचं असेल तर त्याला शपथ कोणी द्यायची? सुदैवाने घटनाकारांनी ६० व्या कलमात एक दोरा सोडून ठेवला होता : सरन्यायाधीश नसतील तर सुप्रीम कोर्टाचे उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीश. घटना लिहिणारे लोक किती पुढचं पाहत होते, याची अशी छोटी उदाहरणं मला त्यांच्या मोठ्या भाषणांपेक्षा जास्त भावतात.

गंमत म्हणजे त्याच वर्षी पॅरिसमध्येही हंगामी राष्ट्राध्यक्ष होते. सार्वमतात हरल्यावर द गॉल एप्रिलअखेर पायउतार झाले आणि सिनेटचे अध्यक्ष आलँ पोएर खुर्चीत आले. पोएर यांनाही निवडणूक लढवायची होती. त्यांनी खुर्चीत बसूनच लढवली आणि पाँपिदूंकडून हरले. पण फ्रेंच घटनेने हंगामी माणसाचे हात बांधलेले असतात : त्याला संसद बरखास्त करता येत नाही, सार्वमत घेता येत नाही. तिथली खुर्ची एवढी ताकदीची की तात्पुरत्या माणसाच्या हाती ती पूर्ण सोपवायला घटनेला भीती वाटते. आपल्याकडे हंगामी राष्ट्रपतीला सगळे अधिकार पूर्ण मिळतात, एकही वजा होत नाही. कारण सोपं आहे. वजा करण्यासारखं त्यात फार काही नाही.

हे उगाच बोलत नाही. १९ जुलै १९६९, शनिवार. दोन दिवसांनी संसदेचं अधिवेशन भरणार होतं. तरी त्या दिवशी चौदा खासगी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला आणि त्यावर गिरींची सही झाली. रात्री पंतप्रधान इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून देशाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गिरी पदमुक्त झाले आणि हिदायतुल्लांनी शपथ घेतली. त्याच रात्री, आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्र उलटल्यावर, आर्मस्ट्राँगचं यान चंद्रावर टेकलं. आदल्या दिवशीच्या बँकांच्या बातमीला चंद्राची बातमी भिडलेली, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी नागपूरच्या माणसाची बातमी.

आता हा वटहुकूम अमेरिकेच्या अंगाने पाहा. तिथल्या राष्ट्राध्यक्षाला असा वटहुकूम काढायचा अधिकारच नाही. १९५२ मध्ये ट्रूमन यांनी कोरियन युद्धाचं कारण देऊन पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा तिथल्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने तो हुकूम उडवला : कायदा करणं काँग्रेसचं काम, तुमचं नाही. म्हणजे कागदावर पाहिलं तर आपले राष्ट्रपती ट्रूमनपेक्षा बलवान, कारण १२३ व्या कलमाने त्यांच्या सहीने कायदा होतो. फक्त ती सही कोणाच्या सांगण्यावरून होते, हे विचारायचं. ट्रूमन यांनी हुकूम काढला तो स्वतःच्या निर्णयाने. गिरींनी सही केली ती मंत्रिमंडळाच्या निर्णयावर.

पुढचा अंक तर अस्सल नागपुरी कोर्टकचेरीला शोभेल असा. वटहुकमाच्या जागी विधेयक आलं, संसदेने मंजूर केलं आणि ९ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपती म्हणून सही केली हिदायतुल्लांनी. मग सेंट्रल बँकेचे संचालक रुस्तम कूपर यांनी त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं. नामवंत वकील पालखीवालांनी त्यांची बाजू मांडली. अकरा न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि १० फेब्रुवारी १९७० ला दहा विरुद्ध एक मताने कायदा रद्द ठरला. त्या अकरांत सरन्यायाधीश नव्हते. ज्या कायद्यावर स्वतः सही केली त्याचा न्याय स्वतः कसा करणार? देशाच्या सर्वांत मोठ्या आर्थिक खटल्यांपैकी एकात देशाचा सरन्यायाधीश बाजूला राहिला, तो आपल्या पाच आठवड्यांच्या दुसऱ्या नोकरीमुळे. अमेरिकेत हा पेच येऊच शकत नाही. तिथे उपाध्यक्षानंतर १९४७ च्या वारसा कायद्याने सभागृहाचे सभापती, मग सिनेटचे हंगामी अध्यक्ष, मग परराष्ट्रमंत्री अशी रांग आहे. त्या रांगेत न्यायाधीश नाहीच. एवढी सत्ता असलेल्या खुर्चीजवळ त्यांनी न्यायाधीशाला फिरकू दिलेलं नाही. आपण दिलं, कारण आपल्या खुर्चीत त्याला करायचं होतं ते मुख्यतः सह्या, स्वागत आणि भाषणं.

निक्सन यांचं स्वागत हे त्यातलंच. मेजवानीत दोघांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या, छायाचित्रं निघाली. खरी बोलणी इंदिरा गांधींबरोबर झाली आणि तीही फार मोकळी झाली नाहीत. त्या दोघांचं एकमेकांशी कधीच जमलं नाही. दोन वर्षांनी बांगलादेशच्या युद्धात ते साऱ्या जगाला दिसलं. लाहोरला भेटलेल्या याह्या खानांची बाजू निक्सन यांनी सोडली नाही, आणि डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध हरल्यावर त्याच याह्यांना सत्ता सोडावी लागली. अमर्याद सत्तेच्या खुर्च्या कशा रिकाम्या होतात ते पाहायला जवळचं उदाहरण हवं असेल तर हे.

इकडे ऑगस्टमध्ये आपली निवडणूक रंगली होती. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिराबाईंच्या मनातले गिरी, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघाने उभे केलेले चिंतामणराव देशमुख. आपले सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ ला केंद्रीय अर्थमंत्रिपदावर लाथ मारणारे. आयसीएसमधली त्यांची उमेदीची वर्षं मध्यप्रांतात, म्हणजे नागपूरच्या सचिवालयात गेली होती. सगळी नागपूरची मंडळी तिकडे दिल्लीत जमली होती म्हणा ना : खुर्चीत नागपूरचे बॅरिस्टर, उमेदवारांत नागपूरचे जुने सचिव. पहिल्या पसंतीची देशमुखांना १,१२,७६९ मतं (मतमूल्यं) मिळाली. गिरींना ४,०१,५१५ आणि रेड्डींना ३,१३,५४८. निम्म्यावर कोणीच नव्हतं. मग दुसऱ्या पसंतीची मोजणी झाली, त्यात रेड्डी झपाट्याने वर आले, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते जिंकले. २४ ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली आणि हिदायतुल्ला परत आपल्या कोर्टात गेले.

त्या ३५ दिवसांत देशाचं सरकार एक दिवस अडलं नाही. मला वाटतं राष्ट्रपतीची सत्ता मोजायची असेल तर कलमं वाचत बसण्यापेक्षा एवढंच पाहावं : खुर्ची रिकामी झाली तर काय हलतं? १९६९ च्या मे ते ऑगस्टमध्ये भारताने तीन माणसं बदलली, चौथ्या वेळी परत दुसऱ्यालाच बसवलं, आणि त्यामुळे पाव टक्कासुद्धा धोरण बदललं नाही. १९६३ ला केनेडी गेले तेव्हा जॉन्सन यांनी विमानातच शपथ घेतली, कारण सूत्रं कोणाकडे हा प्रश्न विमान उतरेपर्यंत थांबणारा नव्हता. मार्च १९८१ मध्ये रेगन यांना गोळी लागली, तर परराष्ट्रमंत्री हेग यांनी पत्रकारांसमोर येऊन इथली सूत्रं माझ्या हाती आहेत असं सांगून टाकलं, आणि त्यावरून त्यांच्यावर जन्मभर टीका झाली. आपल्याकडे पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८२ मध्ये, झैल सिंग हृदयाच्या उपचारांसाठी अमेरिकेला गेले. त्यांच्या जागी काम पाहिलं उपराष्ट्रपतींनी. ते उपराष्ट्रपती पुन्हा हिदायतुल्लाच. कितीजणांना हे आठवतं? (फ्रान्सच्या पोएर यांनाही १९७४ मध्ये दुसऱ्यांदा तीच पाळी आली. काही माणसांच्या पत्रिकेतच तात्पुरतं राज्य लिहिलेलं असावं.)

तरी राष्ट्रपतीची सही म्हणजे निव्वळ शिक्का, असं म्हणायची घाई करू नये. कारण त्या शिक्क्याला अडवणारा माणूसही हिदायतुल्लाच निघाला. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करण्यासाठी घटनादुरुस्ती आली. लोकसभेत मंजूर झाली आणि ५ तारखेला राज्यसभेत एका मताच्याही आतल्या फरकाने पडली. दोन-तृतीयांशाला एक तृतीयांश मत कमी. दुसऱ्याच दिवशी सरकारने वाट बदलली : राष्ट्रपती गिरींच्या सहीचा आदेश काढून सगळ्या संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर कोर्टात गेले. या वेळी अकरा न्यायाधीशांच्या पीठाच्या अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश हिदायतुल्ला होते. १५ डिसेंबर १९७० ला बहुमताने निकाल आला : राष्ट्रपतीचा आदेश बेकायदा. संसदेत जे जमलं नाही ते राष्ट्रपतीच्या सहीने मागच्या दाराने करता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले. वर्षभरापूर्वी स्वतः त्या सहीच्या जागी बसलेल्या माणसाने निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्या सहीची मर्यादा लिहून ठेवली, असा योग कुठल्या देशाच्या इतिहासात असेल असं मला वाटत नाही. सरकारने मग १९७१ मध्ये घटना दुरुस्त करून तनखे काढलेच. आणि त्याच वर्षीच्या चोविसाव्या दुरुस्तीने आणखी एक बारीक काम करून घेतलं : घटनादुरुस्ती विधेयकाला राष्ट्रपतीने संमती दिलीच पाहिजे. अमेरिकेत उलट, घटनादुरुस्ती राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर येतच नाही.

१९७४ चा पावसाळा या विषयाच्या अभ्यासकांनी कोरून ठेवावा असा आहे. २४ जुलैला वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध शून्य मतांनी निक्सन यांना वॉटरगेट प्रकरणातल्या ध्वनिफिती द्यायला लावल्या. ९ ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. बँकांच्या विधेयकावर त्यांच्या दिल्लीतल्या यजमानांची सही झाली त्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं होत होती. आणि २३ ऑगस्टला दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने शमशेर सिंग खटल्यात सांगितलं की राष्ट्रपती आणि राज्यपाल, काही अपवाद सोडले तर, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात. एका महिन्यात दोन कोर्टं, दोन राष्ट्रप्रमुख. एकाला सांगितलं : तुझी सत्ता अफाट आहे, पण कायद्याच्या वर नाहीस. दुसऱ्याला सांगितलं : ती सत्ता तुझी नाहीच.

हे खरं तर बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ लाच घटना समितीत सांगून ठेवलं होतं. आपल्या राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं. तो राष्ट्राचा प्रमुख, कार्यकारी सत्तेचा नव्हे. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाने आपल्या मंत्र्यांचा सल्ला ऐकायचं बंधन नाही, आपल्या राष्ट्रपतीला आहे. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि मसुदा समितीने जबाबदारी निवडली. के. टी. शहा यांनी अमेरिकी धर्तीचा आग्रह धरला होता, तो मान्य झाला नाही.

तरी हा वाद मेला नाही, आणि त्याला परत पेटवणारे लोक बहुतेक मराठीच निघाले. आणीबाणीत बॅ. अंतुले यांचं नाव अध्यक्षीय पद्धतीच्या चर्चेत ठळक होतं. आणि नागपूरचे वकील वसंत साठे, ज्यांना लोक रंगीत टीव्ही आणणारे मंत्री म्हणून ओळखतात, त्यांनी तर अध्यक्षीय लोकशाहीचा पुरस्कार करायला १९८९ मध्ये 'टू स्वोर्ड्स इन वन स्कॅबर्ड' नावाचं पुस्तकच लिहिलं. साठेंचा मुद्दा असा की पंतप्रधान आणि राष्ट्रपती या दोन तलवारी एका म्यानात ठेवल्या की भांडण होणारच. मला साठे आवडतात, त्यांचा हा मुद्दा पटत नाही. दुसरी तलवार इतकी बोथट आहे की म्यानात मावते. फारतर एखादा दिवस खणखणते : १९७७ च्या एप्रिलमध्ये हंगामी राष्ट्रपती बी. डी. जत्ती यांनी नऊ विधानसभा बरखास्त करायच्या कागदावर सही करायला वेळ लावला. किती? जेमतेम दिवसभर. बेचाळिसाव्या दुरुस्तीने सल्ला बंधनकारक करूनच टाकला होता. पुढच्या वर्षीच्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो एकदा परत पाठवायची मुभा दिली, तेवढीच.

१९६९ चा तो कायदा अजूनही आहे. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती दोघंही नसतील, तर आजही सरन्यायाधीशांनाच राष्ट्रपती भवनात जावं लागेल. नागपूरचेच शरद बोबडे नोव्हेंबर २०१९ ते एप्रिल २०२१ सरन्यायाधीश होते, पण त्यांच्यावर ती पाळी आली नाही. तो कायदा आजवर वापरला गेला एकदाच, मॉरिस कॉलेजच्या एका विद्यार्थ्यासाठी.